हिच्याकडं नको

आई, तुझ्यामागे तुझी जी स्तुती चालली आहे ती तू ऐकायला हवी होतीस. घरात रोज बायका येऊन बसतात, डोळ्यांना पदर लावतात आणि सांगतात की पोरं कशी वाढवावीत ते तुझ्याकडून शिकावं. परवा शेजारची एक म्हणाली, तुझ्या हातालाच गुण होता, तू हात लावलेलं पोर कधी आजारी पडलं नाही. तो हात मला चांगला माहीत आहे. मशेरी लावलेलं बोट लुगड्याला पुसायचीस आणि त्याच बोटानं माझ्या पोरीच्या हिरड्या चोळायचीस. मी तिथून उठून बाहेर आले. नसते उठले तर भांडण झालं असतं, आणि सुतकाच्या घरातसुद्धा नमी भांडते असं काकानं आधीच गावभर करून ठेवलं आहे.

मला किळस येते, आई. तू गेलीस म्हणून ती कमी झालेली नाही. गेलेल्या माणसाचं सगळं चांगलंच बोलायचं असतं असं म्हणतात, पण तू स्वतः ते कधी पाळलं नाहीस. माझ्या आजीच्या बाराव्याला पंगतीत बसून तू तिच्या कंजूषपणाचे किस्से सांगितले होतेस. तेव्हा मीही सांगते.

जुईचा बाप आम्हाला सोडून गेला तेव्हा तिला दातही आले नव्हते. पाडायला काढलेल्या बिल्डिंगींमधली जुनी दारं, खिडक्या, चौकटी उचलायच्या, घासूनपुसून विकायच्या, हा माझा धंदा तेव्हा नुकता उभा राहत होता. पडक्या इमारतीत धुळीत उभं राहून ठेकेदाराशी तासभर घासाघीस करायची आणि कडेवर तान्हं पोर, हे जमण्यासारखं नव्हतं. तू वसईला एव्हरशाईन सिटीतल्या माझ्या घरी आलीस, चपलाही न काढता आत आलीस, जुईला उचललंस आणि म्हणालीस, "तू तुझी दारं विक. पोर मी बघते." मी विचारलं, किती दिवस? तू गावाकडच्या, कामणच्या रिक्षात बसलीस आणि गेलीस. आयुष्यात माझ्याबरोबरचा तो एकच व्यवहार तू बिनशर्त केलास. त्यावर माझं गोडाऊन उभं आहे, हे मी कुणाच्याही तोंडावर कबूल करीन. तुझ्या तोंडावर केलं नाही. तू करू दिलं नाहीस. मी विषय काढला की तू म्हणायचीस, भात करपतोय.

त्यानंतर मी दर रविवारी गावी यायचे आणि दर रविवारी आपलं भांडण व्हायचं.

पहिलं भांडण भाताचं. मी अंगणात गाडी लावली आणि बघते तर तू ओट्यावर पाय पसरून बसलेली, जुई तुझ्या मांडीत, आणि तू भात आणि सुकट तोंडात घेऊन चावतेस. चांगलं गंधासारखं मऊ होईपर्यंत चावलंस. मग बोटांनी तोंडातून काढून तिच्या तोंडात घातलंस. तिनं चिमणीसारखा आ केला, गिळलं आणि पुन्हा आ केला. मी ओरडले. तू शांतपणे पुढचा घास चावायला घेतलास. तोंड भरलेलं असल्यामुळे बोलता येत नव्हतं, म्हणून हातानेच मला खूण केलीस, खाली बस.

गिळून झाल्यावर म्हणालीस, "तुला पन असंच भरवलंय. मेलीस काय?"

मी डॉक्टरांचं सांगितलं, तोंडातल्या जंतूंचं सांगितलं. तुझं मत असं, की डॉक्टर पुरुष आहे, त्याला पोर भरवायची वेळ कधी आलेली नाही. पुढच्या रविवारी मी उंच खुर्ची आणली, पट्टा बांधून बसवायची, समोर ताटली ठेवायची सोय असलेली. मऊ टोकाचे चमचे आणले. त्याच्या पुढच्या रविवारी त्या खुर्चीवर तू लोणच्याची बरणी उन्हात ठेवली होतीस. पट्टा लावून. मांजर पाडेल म्हणून.

तुझी मतं काय होती ती स्तुती करणाऱ्या या बायकांना ठाऊक नाहीत असं नाही. त्या आता ती गाळून सांगतात. पोर रडलं तर लगेच उचलायचं नाही, पण जेवताना रडलं तर ताट बाजूला ठेवून उचलायचं. ताटावरच्या पोराला कुणी रागवायचं नाही, बापानंसुद्धा. पोराचे घास मोजायचे नाहीत, मोजलेलं अंगी लागत नाही. कुणी पोराला गोरी म्हटलं, गुटगुटीत म्हटलं, की त्याच्या डोक्यावर थू थू करायचं. आणि तू नुसता आवाज करायची नाहीस, खरंच थुंकायचीस. मी जुईचे केस शाम्पूनं धुऊन आणायचे आणि गावात शिरल्यापासून ओट्यापर्यंत पोचेतो कुणी ना कुणी तिला छान म्हणायचं, की झालं.

पोराला नवं कापड घालायचं नाही, हे आणखी एक. माझ्या कमाईचे मी फ्रॉक आणायचे आणि तू ते पत्र्याच्या पेटीत घालून, जुनं लुगडं फाडून तिला त्यात गुंडाळायचीस. मी एकदा चिडून म्हणाले की माझी पोरगी भिकाऱ्याची वाटते. तू म्हणालीस, लोकांना जुनी दारं चांगली म्हणून गळ्यात मारतेस आणि पोरीला जुना कपडा चालत नाही काय. ओट्यावर बसलेली सगळी हसली. माझ्या भावाची, दत्ताची बायको सुरेखा सगळ्यात जास्त हसली. मी त्या दिवशी न जेवता परत गेले. परत जाताना गाडीत मलाही हसू आलं होतं, पण ते मी तुला कधी सांगितलं नाही.

आणि तो सर्दीचा दिवस. जुईचं नाक इतकं भरलं होतं की तिला दूध ओढता येत नव्हतं, श्वासही तोंडानं घेत होती आणि मधेच अडकत होती. मी थेंब घातले, पिचकारी आणली होती ती वापरली, काही होईना. मी घाबरून गाडीची किल्ली शोधत होते. तू तिला मांडीवर आडवी घेतलीस, तिच्या नाकाला तोंड लावलंस आणि ओढलंस. सगळं ओढून काढलंस. अंगणात जाऊन थुंकलीस, चूळ भरलीस, परत आलीस आणि दुसऱ्या नाकपुडीला तोंड लावलंस. मी मोरीवर जाऊन ओकले. बाहेर आले तेव्हा जुई झोपली होती. तू पदरानं तोंड पुसत मला विचारलंस, "काय खाल्लेलंस?"

हे आठवलं की मला अजून मळमळतं. आणि हेही सांगते, की मी ते केलं नसतं. माझ्याच पोरीसाठी मला ते जमलं नसतं. यात लाज वाटण्यासारखं काही आहे असं मी मानत नाही. किळस ही काही कुणी ठरवून करत नाही.

आपलं खरं भांडण मात्र यातलं कुठलंच नव्हतं. जुई बोलायला लागली, तिला चावून भरवणं तू थांबवलंस, आणि मला वाटलं, संपलं. मी रविवारी यायचे तेव्हा तिला भरवायचा हट्ट धरायचे. ती माझ्या हातून खायची नाही. मग मी म्हणायचे, एक घास खा, मोबाईल देते. दोन खाल्लेस तर बागेत नेते. हे ताट संपवलंस तर पुढच्या वेळी बाहुली. ती खायची. आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या आया अशाच भरवतात. समोर मोबाईल उभा, पोर त्यात बघतंय, आई तोंडात घास सारतेय, पोराला कळतही नाही आपण भात खातोय की भिंत. मला तेही बघवत नाही, पण पोट तर भरतं.

तू भांडी घासत होतीस. हात राखेचे तसेच घेऊन आलीस.

"पोरीशी सौदा करतेस?"

मी म्हणाले, घासाघीस मी कुणाकडून शिकले? वसईच्या बाजारात शिराळी आणि काकडीची पाटी घेऊन बसायचीस तेव्हा मला शेजारी बसवून कुणी शिकवलं, की गिऱ्हाईक उठून चाललं तरी हाक मारायची नाही? पावसाळ्यात चिंचोटीच्या धबधब्यावर येणाऱ्या पोरांना कणसं विकायला मला एकटीला कुणी पाठवलं? कुणाकडून शिकले मी?

"बाजारात शिकलीस," तू म्हणालीस. "ती बाजारात ठेव. पोरगी गिऱ्हाईक नाय तुझं."

मी तुला खूप बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही, गावाला पाठ आहे. तू परत भांडी घासायला बसलीस. त्या दिवसापासून माझ्या देखत तू जुईच्या बाबतीत एकही मत दिलं नाहीस. मला वाटलं, मी जिंकले. धंद्यात समोरचा गप्प झाला की मी तसंच समजते, आणि बहुतेक वेळा बरोबर असते.

मग तुझं दुखणं आलं. हॉस्पिटलमध्ये तुझ्या खाटेभोवती आम्ही सगळे उभे होतो. दत्ता, सुरेखा, काका, मी. सिस्टर सलाईनची बाटली बदलत होती. बाजूच्या खाटेवरची म्हातारी आणि तिचे नातेवाईक आमच्याकडेच बघत होते. आणि तू डोळे उघडून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "पोरगी सुरेखाकडं ऱ्हाऊ दे. नमीकडं नको."

मी विचारलं, का? तू डोळे मिटलेस. झोपेनं मिटलेस की उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून मिटलेस, हे मला कळणार नाही असं वाटलं का तुला? पुढे तू बोललीस ते फक्त पानी दे, एवढंच. माझ्या हातूनच प्यालीस. पण त्या प्रश्नाचं उत्तर न देता गेलीस.

ही कुठली पद्धत? एवढ्या लोकांत, परक्यांच्या देखत, माझ्या पोटच्या पोरीचा निकाल लावायचा आणि अपील ऐकायला थांबायचं नाही? मी ज्या माणसांशी व्यवहार करते ती चोर आहेत, पण नको म्हटल्यावर निदान का नको ते सांगतात. नको म्हणजे कधीच नको, की आत्ता नको, की अशी नको? मी यातल्या कशावरही बोलायला तयार होते. तू बोलायलाच उरली नाहीस.

दहाव्याला खाडीकाठी गेलो. भटजींनी पिंड मांडला. समोर तिवरांवर कावळे बसलेले. एक खाली उतरला, दोन पावलं चालला, पिंडाकडे मान वाकडी करून बघितलं आणि परत गेला. सगळ्यांना तेच निमित्त हवं होतं. काका पुढे झाला, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाला की वहिनी, काळजी करू नको, पोरगी गावातच राहील, तुझ्या मनासारखं होईल. कावळा आला नाही. दत्तानं घराचे पत्रे बदलतो म्हणून सांगितलं. सुरेखानं जुईला पोटच्या पोरासारखी बघीन म्हणून सांगितलं, तेव्हा ती खरंच रडत होती. कावळा आला नाही. मग कुणाला तरी सुचलं आणि पिंडाशेजारी मशेरीची पुडी नेऊन ठेवली. मला तिथेही किळस आली. मेल्यावरसुद्धा मशेरी.

ऊन चढलं. लोकांना भूक लागली होती. मग मावशी माझ्याकडे वळली. "नमे, तू बोल. पोरगी इथंच ठेवते म्हन. तिचा जीव त्यातच अडकलाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चेहऱ्यांवर दुःख होतं, पण घाईही होती. माझी पोरगी सोडायची, म्हणजे यांना जेवायला जाता येईल. मी पुढे गेले. हात जोडले नाहीत. म्हणाले, "पोरगी माझी आहे. मी नेणार. घ्यायचं तर घे, नाहीतर ऱ्हा उपाशी."

एक कावळा उडाला तो खाडीपलीकडेच गेला. मावशीनं कपाळावर हात मारला. काका म्हणाला, बघा, आईलासुद्धा सोडत नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि सगळे पंगतीला मोकळे झाले. गवताच्या कावळ्यावर भागवून घेणारी माणसं मला तुझं मन काय होतं ते शिकवतात.

पंगतीत काकानं पुन्हा तोच विषय काढला, की बघितलंस ना, तुझ्यामुळे शिवला नाही. मी म्हणाले, तू पोरगी ठेवतो म्हणालास तेव्हाही शिवला नव्हता. दत्ताला तर पत्रे देऊनही शिवला नव्हता. आईनं कुणाचाच भाव घेतला नाही. सुरेखाला हसू फुटलं, ती तोंडाला पदर लावून आत पळाली. तुझ्या दहाव्याच्या दिवशी हसलेली तीच एक. आत भांडी लावताना ती मला म्हणाली, "ताई, मी कुठं अडवते? पोरगी तुमचीच. तिलाच विचारा ना." तिच्यावर मला राग धरायचा होता. तिनं तेवढीही सोय ठेवली नाही.

मी दोन-चार दिवस जाऊ दिले आणि तयारीनं गेले. गाडीत सायकल होती, गुलाबी, पुढे टोपली असलेली. घरी तिच्यासाठी खोली रंगवून घेतली होती. जुई ओट्यावर बसून चिंचोके खेळत होती. मला बघून तिनं नेहमीप्रमाणे विचारलं, काय आणलंस? मी सायकल उतरवली. तिनं अंगणात फेऱ्या मारल्या, पडली, उठली, पुन्हा मारल्या. मी म्हणाले, चल, आता आपल्या घरी जायचं. कायमचं.

तिनं सायकल थांबवली. एक पाय जमिनीवर टेकवला.

"काय देशील?"

लाडानं नव्हतं विचारलं. हट्टानंही नव्हतं. हा स्वर मी रोज ऐकते. माल आवडलेला असतो, पण गिऱ्हाईक अजून उठून जाऊ शकतं आणि ते तुम्हाला कळावं असं त्याला वाटत असतं, तेव्हा ते असं बोलतं. पाच वर्षांची पोरगी. माझ्याकडे उत्तर तयार होतं. रंगवलेली खोली होती, खाली झोपाळे होते, कुत्र्याचं पिल्लू आणायचीही माझी तयारी होती. एकेक काढत गेले असते तर ती अर्ध्या तासात गाडीत बसली असती. हे मला तिथे उभं राहून स्वच्छ दिसत होतं.

मला किळस आली. कुणाची, ते लिहीत नाही. तुला कळेल.

मी म्हणाले, "काही नाही."

"मग नको," ती म्हणाली, सायकल तिथेच टाकली आणि सुरेखाकडे आत गेली.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी गोडाऊन बंद करून गावी येते. येताना काही आणत नाही. काका टोमणे मारतो, की आज कुठली दारं पाडून आलीस. मी उत्तर देत नाही, तुला खरं वाटणार नाही. ओट्यावर बसते. जुई आधी माझे हात बघते, मग पिशवी बघते, मग गाडीत डोकावते. पहिल्या दिवशी पाय आपटून गेली. पुढे नुसती निघून जायची. सुरेखा तिला तिथेच ओट्यावर ताट वाढते, ती आपल्या हातानं खाते, अर्धं सांडते. मी भरवत नाही. घास मोजत नाही, असं म्हणवत नाही, मनात मोजले जातात. पण तोंडानं काही बोलत नाही. मला याचा वैताग येतो. रोज दीड तास जातो, ट्रॅफिकमध्ये त्याहून जास्त, आणि पदरात काही पडत नाही. असा धंदा मी एक दिवससुद्धा केला नसता.

तू बरोबर होतीस असं मी म्हणणार नाही. मशेरीचं बोट, चावलेला भात, डोक्यावरची थुंकी, यातलं काही मी माफ केलेलं नाही. सगळ्यांच्या देखत नको म्हणालीस, ते तर नाहीच. एकटीला बोलावून सांगितलं असतंस तर मी भांडले असते, ओरडले असते, पण ऐकलं असतं. बहुतेक ऐकलं असतं.

काल जुईनं पिशवी बघितली नाही. जेवली, हात धुतले आणि माझ्यापासून हातभर अंतर ठेवून ओट्यावर बसली. मग तिनं विचारलं, "उद्या पन येशील?"

मी हो म्हणाले. यावर अजून काहीतरी बोलता आलं असतं. चालतेस का माझ्याबरोबर, असं विचारता आलं असतं, त्या क्षणी कदाचित ती हो म्हणालीही असती. मी विचारलं नाही, आई. किल्ली घेतली आणि निघाले.